आजीच्या फोटोवर ठिपके कशाला?



आपल्याकडे बहुतेक जण आठवणी लिहितात. मी आज थोडी भांडायला आले आहे. विषय एवढासा, मोहरीएवढा. अक्षरशः. छापलेल्या चित्रातल्या ठिपक्याचा.

सध्या आपल्या सगळ्याच गावांत स्मरणिकांचे दिवस आहेत. कुणाच्या गणेशोत्सवाची शंभरी, कुणाच्या महाराष्ट्र मंडळाची पंचाहत्तरी, कुणाच्या वाचनालयाची साठी. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडून नातेवाईक कौतुकाने अंक पाठवतात आणि मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. गेल्या दोन-तीन वर्षांत एक गोष्ट सारखी दिसते आहे. जुन्या माणसांचे फोटो मुद्दाम ठिपक्याठिपक्यांचे केलेले असतात. कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की चांगला गुळगुळीत फोटो जुन्या वर्तमानपत्रातल्यासारखा होतो. त्याला हाफटोन इफेक्ट म्हणतात. आमच्याकडे स्मरणिकेचं काम करणाऱ्या मुलांना विचारलं तर म्हणाली, "काकू, साव जुना लुक येतो ने!"

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. ठिपके चित्रात वापरा, मुखपृष्ठावर वापरा, हौसेने वापरा. पण आपल्या माणसांच्या जुन्या फोटोंवर वापरू नका. का, ते आता सांगते.

हे ठिपके आले कुठून ते आधी बघू. माझे वडील बडोद्यात एका खिळ्यांच्या छापखान्यात मशीनवर होते, आणि मी स्वतः पुढे पुस्तकांची नि जाहिरातींची चित्रं काढून पोट भरलं. त्यामुळे हा ठिपका आमच्या घरातलाच.

छापखान्याची अडचण साधी होती. मशीनवर शाई एकच, काळी. ती कागदावर लागते किंवा लागत नाही. मधलं काही नाही. अक्षराला ते चालतं, रेषेच्या चित्रालाही चालतं. पण माणसाच्या गालावर उजेडातून सावलीत जाताना जो करडेपणा असतो, तो आणायचा कुठून? करडी शाई तर नाही. मग युक्ती निघाली. करडा भाग बारीक ठिपक्यांत फोडायचा. जिथे सावली गडद तिथे ठिपका मोठा, जिथे उजेड तिथे ठिपका सुईच्या टोकाएवढा. हातभर अंतरावरून बघितलं की डोळा ते ठिपके विसरतो आणि त्याला गाल दिसतो. शाई काळीच राहिली, करडा रंग आपल्या डोळ्याने तयार केला.

ही युक्ती एका माणसाची नाही. इंग्लंडात टॅलबटने १८५० च्या सुमारास जाळीदार कापड मध्ये धरून चित्र फोडण्याची कल्पना मांडली. जर्मनीत माइसेनबाखने १८८२ मध्ये हाफटोनचं पेटंट घेतलं. अमेरिकेत आइव्हज आणि लेव्ही बंधूंनी ती पद्धत पक्की केली. लेव्हींची जाळी म्हणजे काचच. काचेवर समांतर रेषा कोरायच्या, त्यांत काळा रंग भरायचा, आणि अशा दोन काचा एकमेकींवर काटकोनात चिकटवायच्या. कॅमेऱ्यात निगेटिव्हच्या किंचित पुढे ही जाळी धरली की समोरच्या फोटोचे आपोआप लहानमोठे ठिपके होत. मग ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे, ॲसिडने मधला भाग खायचा, आणि पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा. हा झाला ब्लॉक.

आपल्या देशात हे काम कुणी केलं, हे ऐकून बरं वाटेल. कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी, स्वतःच्या घरी प्रयोग करून हाफटोनमध्ये एवढं प्रावीण्य मिळवलं की लंडनच्या पेनरोझ वार्षिकात १८९७ पासून त्यांचे लेख छापून येत होते. पुढे मुलगा सुकुमार १९११ मध्ये हीच विद्या शिकायला विलायतेला गेला.

आणि बडोदेकरांनो, आपलाही वाटा आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली कलाभवन सुरू झालं. तिथे शिकायला आलेल्या एका मराठी तरुणाला गज्जरांनी ब्लॉक बनवणं, तीन रंगांची छपाई आणि फोटोलिथो शिकायला रतलामला बाबूलाल वरुवळकरांकडे धाडलं. तो तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या कितीतरी आधी दादासाहेब छपाईतले माणूस होते. पुढे रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. म्हणजे माळव्यातलं रतलाम आणि आमचं बडोदं, दोन्ही गावं या ठिपक्याच्या नकाशावर आहेत. इंदूरवाल्यांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आता मुद्द्याचं. या सगळ्या मंडळींची धडपड कशासाठी होती? ठिपका दिसू नये यासाठी. दिसावा म्हणून कुणी मेहनत केली नाही. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचाला साधारण ५५ ते ८५ रेषांची जाळी लागे, कारण त्याहून बारीक केली तर शाई पसरून ठिपके एकमेकांत भरायचे आणि चेहऱ्याचा डांबर व्हायचा. गुळगुळीत आर्ट पेपर मिळाला तर १२०, १३३, १५० पर्यंत जाता येई, आणि मग ठिपका साध्या डोळ्यांना जवळपास दिसेनासा होई. म्हणून तर जुन्या पुस्तकांत मजकूर साध्या कागदावर आणि फोटोंची चार पानं वेगळ्या चकचकीत कागदावर मध्ये शिवलेली असतात.

जाळी तिरकी का धरतात माहीत आहे? एका रंगाच्या छपाईत ठिपक्यांच्या रांगा ४५ अंशांत ठेवतात. आडव्या आणि उभ्या रांगा आपला डोळा पटकन पकडतो, तिरक्या सहज पकडत नाही. चार रंग छापताना प्रत्येक रंगाच्या रांगेचा कोन वेगळा ठेवतात, नाहीतर पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी उमटते, तिला मॉयरे म्हणतात. ही सगळी यातायात ठिपका लपवण्यासाठीच.

वडील सांगायचे, ब्लॉकचा दर चौरस इंचावर असे. त्यामुळे स्मरणिकेत कुणाचा फोटो किती इंचाचा, यावर कमिटीत तासतास चर्चा. अध्यक्षांचा तीन इंच, चिटणीसांचा दोन इंच, बाकीचे सगळे मिळून एका ग्रुप फोटोत. छपाई झाली की ब्लॉक कागदात गुंडाळून, वर नाव लिहून कपाटात. पाच वर्षांनी त्याच गृहस्थांचा सत्कार असला की तोच ब्लॉक परत काढायचा. वयाची पन्नाशी आणि पंचाहत्तरी एकाच फोटोवर भागवलेले कितीतरी सत्पुरुष आपल्याकडे होऊन गेले. मशीनवर चढवताना ब्लॉकखाली कागदाचे कपटे लावून उंची जुळवायची, दर थोड्या वेळाने रॉकेलच्या फडक्याने ठिपक्यांत भरलेली शाई पुसायची. एक चेहरा नीट उठावा म्हणून माणसं एवढी खपायची.

आणि आपण आज चांगला उठलेला चेहरा बटण दाबून बिघडवतो!

इथे कुणी म्हणेल, काकू, तुम्हाला नवीन काही आवडतच नाही. तसं नाही हो. चित्रात ठिपक्याने काय बहार आणली आहे, ते मी जन्मभर बघत आले आहे. अमेरिकेत रॉय लिक्टेनस्टाइनने १९६१ पासून कॉमिकमधल्या चित्रांसारखी मोठाली पेंटिंग्ज केली आणि त्यांत छपाईचे ठिपके हाताने रंगवले. खरं म्हणजे ते हाफटोनचे ठिपके नव्हेत. ते बेन-डे ठिपके, एकाच मापाचे, सपाट रंग हलका दाखवण्यासाठी वापरले जाणारे. हाफटोनचा ठिपका लहानमोठा होतो, बेन-डेचा होत नाही. हा फरक आजची ॲपसुद्धा विसरतात. जर्मनीत झिगमार पोल्केने १९६३ मध्ये वर्तमानपत्रातल्या फोटोंचे ठिपके एकेक करून हाताने काढले, चुकलेले, फाटलेले, एकमेकांत मिसळलेले ठिपकेसुद्धा तसेच ठेवले. त्या दोघांना काहीतरी म्हणायचं होतं. रोज सकाळी तुम्ही ज्याला माणूस समजून बघता ती शाईची नक्षी आहे, जरा थांबून बघा, असं. ठिपका हाच तिथे विषय होता.

अलीकडचं उदाहरण नातवंडांना विचारा. २०१८ चा 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' हा सिनेमा. त्यात सावल्यांत ठिपके आहेत, आणि जिथे एरवी कॅमेऱ्याने भाग धूसर केला असता तिथे रंग किंचित सरकवले आहेत, स्वस्त कॉमिकात छपाई हलल्यावर सरकायचे तसे. गोष्ट कॉमिकमधून आली आहे, तर पडद्यावर कॉमिकचा कागद दिसू दे, हा विचार. तो पटतो. ठिपक्याला तिथे असण्याचं कारण आहे.

आपल्या मराठीतलं उदाहरण वेगळ्या बाजूचं आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. त्यांची मुखपृष्ठं आपल्या किती पिढ्यांनी जपली! मुळगावकरांच्या देवदेवतांच्या आणि स्त्रियांच्या चेहऱ्यावरची ती मऊ, फुंकर मारल्यासारखी छटा छापून यायची ती हाफटोनच्या रंगीत ब्लॉकांवरूनच. पण मासिकाच्या आतल्या पानावर कथेचं चित्र बहुतेक वेळा रेषांचं असे. कारण लाइन ब्लॉक स्वस्त पडे आणि साध्या कागदावर स्वच्छ उठे. आपल्या कथाचित्रांत जी ठसठशीत, मोजकी, वळणदार रेषा आली, तिला चित्रकारांच्या हाताइतकंच या ब्लॉकचं गणितही कारण आहे, असं मला वाटतं. कुठे छटा आणि कुठे रेषा, याचं भान त्या चित्रकारांना होतं. छपाई काय करू शकते हे ओळखून त्यांनी चित्रं काढली.

तेच भान आज ठेवा, एवढंच मी मागते आहे. स्मरणिकेचं मुखपृष्ठ करताय? गावातल्या जुन्या वाड्याचं, घाटाचं, मंडपाचं चित्र काढा आणि सावलीचा भाग ठिपक्यांनी भरा. सुंदर दिसेल. फक्त चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, ठिपका चित्रात सगळीकडे ओतू नका. उजेड कोरा राहू द्या, रेषा रेषेच्या जागी राहू द्या, ठिपका सावलीत जाऊ द्या.

दोन, ठिपके शुद्ध काळे किंवा एका सपाट रंगाचे ठेवा, आणि चांगले मोठे ठेवा. करड्या कडांचे बारीक ठिपके छापायला दिले की छापखान्याची स्वतःची जाळी त्यावर चढते, आणि ठिपक्यांवर ठिपके पडून ती मघाची लहरींची नक्षी उठते. स्क्रीनवर छान दिसलेलं मुखपृष्ठ छापून आल्यावर गोधडीसारखं दिसतं, ते यामुळे.

तीन, चित्र ज्या मापाला छापायचं त्याच मापाला ठिपके तयार करा. आधी ठिपके करून मग चित्र लहान केलं तर ते चिखल होतात.

चार, तपकिरी कागद, डाग, घड्या, फाटकी कड हे सगळं ठिपक्यांच्या जोडीला लावू नका. जुनं वाटावं म्हणून पाच सोंगं एकदम काढली की नाटक वाटतं.

आता फोटोंकडे येते. चित्र आणि फोटो यांत मी फरक का करते? चित्र आपण काढलं, त्याचे मालक आपण. बिघडलं तर पुन्हा काढू. आजीचा फोटो पुन्हा काढता येत नाही.

थोडा हिशेब करू. ६५ रेषांची जाळी म्हणजे एका चौरस इंचात ६५ गुणिले ६५, ४,२२५ ठिपके. बरेच वाटतात ना? आता स्मरणिकेतला नेहमीचा ग्रुप फोटो घ्या. सहा इंच रुंद, एका रांगेत बारा जण. एकेकाच्या वाट्याला अर्धा इंच, त्यात चेहरा पाव इंचाचा. पाव इंचात ठिपके बसतात सोळा आडवे, सोळा उभे. म्हणजे २५६. अडीचशे ठिपक्यांत तुमची आजी. तिचं नाक, तिचे डोळे, कुंकू, पदर, आणि फोटो काढताना ती जे थोडं ओशाळं हसली ते, सगळं अडीचशे ठिपक्यांत. आर्ट पेपरवर १३३ ची जाळी घेतली तर त्याच पाव इंचात हजाराच्या वर ठिपके येतात. आणि मूळ फोटोत, म्हणजे स्टुडिओने धुऊन दिलेल्या त्या जाड कागदाच्या प्रिंटमध्ये, ठिपके नसतातच. तिथे छटा सलग असते. भिंग लावलं की आणखी दिसतं, साडीचे काठ दिसतात, कधी मंगळसूत्राच्या वाट्यासुद्धा मोजता येतात.

आपण जेव्हा या सलग फोटोवर 'जुना लुक' चढवतो तेव्हा त्यातली बहुतेक माहिती टाकून देतो. आणि जे उरतं ते जुनंही नसतं. तो फोटो १९४८ मध्ये असा कधी दिसतच नव्हता. १९४८ मध्ये तो गुळगुळीत होता. आपण त्याला खोटं म्हातारपण देतो.

"पण काकू, मूळ फोटो तर घरी आहेच ना!" हे उत्तर मला हमखास मिळतं. आहे का? एका कुटुंबाची हकिगत सांगते, गाव आणि नाव नको. बायकांच्या भजनी मंडळाचा जुना फोटो एका घरी होता. एका स्मरणिकेसाठी तो मागून नेला, ठिपके चढवून छापला, परत दिला. पुढे ते घर विकलं गेलं. मुलं दोन वेगवेगळ्या शहरांत, सामान आवरायला मिळाले चार दिवस. फोटोचा अल्बम रद्दीत गेला की कुणा नातेवाइकाकडे, आज कुणालाच सांगता येत नाही. कॉम्प्युटरवरची फाइलही ज्याच्याकडे होती त्याने मशीन बदललं. आता पणतीला पणजी बघायची आहे. पणजी डावीकडून चौथी, एवढं नावांच्या यादीत आहे. आणि डावीकडून चौथ्या जागी आहेत ठिपके. कपाळाच्या जागी थोडे बारीक, केसांच्या जागी थोडे मोठे. झालं.

आपल्यासारख्या लोकांना हे जास्त लागतं, असं मला वाटतं. आपण पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली माणसं. आपल्या मंडळांचा, शाळांचा, भजनी मंडळांचा इतिहास कुणी दुसरा लिहून ठेवणार नाही. मोठ्या इतिहासात आपण तळटीपसुद्धा नाही. आपली दप्तरं म्हणजे या स्मरणिका, आणि स्टीलच्या कपाटातले चार अल्बम. त्यातलीही बरीच कपाटं आता मुलांच्या फ्लॅटमध्ये मावत नाहीत म्हणून निघाली. अशा वेळी स्मरणिकेत छापलेला फोटो ही बहुधा त्या फोटोची शेवटची प्रत ठरते. ती शेवटची प्रत आहे असं समजूनच छापायला हवी.

याची उलटी बाजूही आहे. ज्या घरात मूळ फोटो उरलाच नाही, फक्त जुन्या अंकातलं खरंखुरं हाफटोन कात्रण आहे, तिथे आता मोबाईलवरच्या ॲपने ठिपके घालवून चेहरा 'स्वच्छ' करण्याची फॅशन आली आहे. चित्र एकदम चकचकीत येतं, पापण्यांचे केससुद्धा दिसतात. सगळे खूश. पण विचार करा, अडीचशे ठिपक्यांत पापण्या नव्हत्याच. मग आल्या कुठून? यंत्राने हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून अंदाज बांधून त्या भरल्या. ती आजी नव्हे, आजीच्या जागी बसवलेली कुणी परकी बाई आहे. हवं तर गंमत म्हणून बघा, पण हार घालून भिंतीवर लावू नका, आणि स्मरणिकेत तर नकोच. ते कात्रण जसं आहे तसं छापा. तिथले ठिपके खरे आहेत. ते त्या काळच्या ब्लॉकचे आहेत, कुणीतरी रॉकेलच्या फडक्याने पुसून पुसून उठवलेले. तिथे ठिपका असणं हाच पुरावा आहे.

म्हणजे माझा नियम एका ओळीत असा: जिथे ठिपका मुळात आहे तिथून काढू नका, आणि जिथे मुळात नव्हता तिथे माणसाच्या चेहऱ्यावर चढवू नका.

मग घरी काय करावं? सोपं आहे. पहिलं काम, एक भिंग घ्या. दहा पट मोठं दाखवणारं पुरे. घरातल्या जुन्या चित्रावर धरा. छटा सलग दिसली तर तो खरा फोटो, त्याला सोन्यासारखं जपा. एका ओळीत शिस्तीने बसलेले ठिपके दिसले तर ते छापील चित्र. देवघराजवळ रविवर्म्याचं जुनं चित्र असेल तर त्यावरही धरा. राजा रविवर्म्याने बडोद्याच्या राजवाड्यासाठी चित्रं केली हे आपल्याला माहीत आहेच. त्यांच्या १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातली चित्रं शिळाछपाईची, दगडावर कारागिरांनी रंगागणिक हाताने उतरवलेली. तिथे दाणा ओबडधोबड, पसरलेला दिसतो. त्याऐवजी चार रंगांचे ठिपके छोट्या फुलासारखी नियमित नक्षी करून बसलेले दिसले, तर ती नंतरच्या काळातली ऑफसेटची नक्कल. देव तोच, नमस्कार तोच, पण विकत घेताना कुणी 'अस्सल' म्हणून पैसे मागितले तर भिंग खिशात असू द्या.

दुसरं काम, खरा फोटो स्कॅन करा. मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, त्यात ट्यूबलाइटची चमक येते. ६०० च्या रेझोल्यूशनला, लहान फोटो असला तर १२०० ला. काळापांढरा असला तरी रंगीत स्कॅन करा, म्हणजे फिकटलेला तपकिरीपणाही नोंदला जातो. मागची बाजूसुद्धा स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि आजोबांच्या हातचं नाव तिथेच असतं. ती फाइल जशीच्या तशी ठेवा, आणि काय सजवायचं ते तिच्या कॉपीवर सजवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान करतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तिसरं, छापील कात्रण स्कॅन करताना लहरींची नक्षी आली तर घाबरू नका. ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींशी भांडतात म्हणून ती येते. जास्त रेझोल्यूशनला स्कॅन करून मग चित्र लहान केलं की ती बरीच जाते. कागद पातळ असेल तर मागे काळा कागद धरा, म्हणजे पाठच्या पानावरची अक्षरं आजोबांच्या कपाळावर उमटणार नाहीत.

आणि स्मरणिकेच्या कमिट्यांना एक विनंती. फोटो थोडे घ्या, पण मोठे घ्या. चाळीस जणांचा फोटो पाव पानावर कोंबू नका, आडवा पूर्ण पान द्या. खाली नावं द्या, डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे, सासरची आणि माहेरची दोन्ही. जाहिरातीचं एक पान कमी झालं तर होऊ द्या. तरुण मुलांची हौस मोडू नका, त्यांना मुखपृष्ठ द्या, विभागांची शीर्षकं द्या, जुन्या गल्लीची, मंडपाची, पंगतीची चित्रं काढायला सांगा, आणि तिथे म्हणावं घाला ठिपके मनासारखे. आमच्याकडच्या मुलांना मी एवढंच सांगितलं तेव्हा त्यांनी जे मुखपृष्ठ करून आणलं ते मला करता आलं नसतं, हे मी मोठ्या आनंदाने सांगते.

कुणाचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा, मी वाद घालायला तयार आहे. आणि कुणाच्या माळ्यावर, जुन्या छापखान्याच्या सामानात, लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला एखादा ब्लॉक सापडला तर भंगारात देऊ नका. चेहरा उलटा आणि काळवंडलेला दिसेल. पत्र्यावर हलक्या हाताने शाई फिरवा, वर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा आणि कागद सुलटा करून बघा. त्या घरचे कुणीतरी आजोबा असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यांचा मूळ फोटो कदाचित आता कुणाकडेच नसेल.